पाठ फिरवून दोन गुण

वेल्डन क्राउझ हा शूर कोच आहे, हे ड्राय फोर्कमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगे. चौथा डाऊन आला, म्हणजे शेवटचीच संधी उरली, की बाकीचे कोच निमूटपणे किक मारून मोकळे होतात. वेल्डन कधी किक मारत नसे. मैदानाच्या कडेला टोपी मागे सारून तो उभा राही आणि हातानेच खूण करी, पळा. कधी पोरं पळून जात, कधी तोंडावर आपटत. आपटली तरी लोक म्हणत, "काही म्हणा, माणूस छातीचा आहे." जवळच्या मोठ्या गावातल्या वर्तमानपत्राने त्याचा टोपीसकट फोटो छापून खाली 'पश्चिम टेक्ससचा शेवटचा मर्द' असं लिहिलं होतं. ते कात्रण कॅफेच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेलं आहे, आणि त्यावर आता ग्रेव्हीचे दोन डाग आहेत.

खरी गोष्ट एवढीच होती की वेल्डनला किकची भीती वाटे. बॉल पायाने उडाला की पोटात खड्डा पडे. बॉल हातात घेऊन पळणारं पोरगं पडलं तर त्याला उठवता येतं, ओरडता येतं, पुढच्या वेळी डावीकडून पाठवता येतं. हवेत गेलेल्या बॉलचं काय करणार? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक भीतीला शौर्य म्हणत असतील तर आपण कशाला दुरुस्ती करा, असं वेल्डनचं बावीस वर्षांचं धोरण होतं.

आता इथला एक नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ड्राय फोर्कच्या हायस्कुलात सगळे वर्ग मिळून एकतीस मुलंमुली. अकरा जणांचा संघ आणायचा कुठून? म्हणून इकडच्या कापसाच्या मुलखात सहा जणांचा फुटबॉल खेळतात. बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, त्याचे सहा गुण, आणि वर एक जादा प्रयत्न असतो. मोठ्या फुटबॉलमध्ये त्या प्रयत्नात किक मारली तर एक गुण आणि बॉल घेऊन घुसलं तर दोन. इथे बरोबर उलटं. घुसलं तर एक, किक दोन खांबांमधून गेली तर दोन. कारण किक मारणाऱ्याला आडोसा द्यायला इथे माणसंच नसतात, समोरचे थेट अंगावर येतात. म्हणजे मोठ्या शहरात जो कोच किक मारतो तो भित्रा, आणि आमच्याकडे किक मारत नाही तो भित्रा. पण शौर्य कशाला म्हणायचं हे लोकांनी टीव्हीवरच्या मोठ्या फुटबॉलवरून ठरवलेलं होतं. वेल्डनचं त्यामुळे चाललं होतं बरं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली, निकाल ठरून गेलेल्या सामन्यांत तेवढा किकला पाठवलेला पोरगा ओळीने पाच किका चुकला. सहावीच्या वेळी वेल्डनला पाहवेना. तो वळला आणि थर्मासमधून कॉफी ओतायला लागला. मागे किक गेली, खांबांच्या बरोबर मधून. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण पुढच्या शनिवारी कॅफेत कुणीतरी म्हणालं, "कोचने पाठ केली म्हणून गेली बघ." पुढच्या किकला वेल्डनने पुन्हा पाठ केली, कारण पोटातला खड्डा तोच होता. तीही गेली. तिसऱ्या आठवड्याला हॉलिस प्रुइटने पाठ फिरवली, आणि हॉलिस प्रुइट म्हणजे गावची जिनिंग मिल त्याची आणि शाळेच्या बोर्डाचा अध्यक्षही तोच. मग काय, सगळा गाव फिरला.

चार वर्षांत त्याचं शास्त्र झालं. ड्राय फोर्कची किक असली की माइकवरचा माणूस शांतपणे म्हणे, "मंडळी, पाठ." स्टँडमधली अडीचशे-तीनशे माणसं उठून मैदानाकडे पाठ करून उभी राहत. बँडवाले बाजांसकट वळत. नाचणाऱ्या मुली हातातले कागदी झुबके खाली घेऊन वळत. चिली आणि नाचोज विकायच्या खिडकीची फळी खाली येई. व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्यांना नातवंडं वळवून देत, आणि हे वळवणं इतकं घाईत होई की एकदा एका आजोबांना तीनशे साठ अंशांत फिरवून परत मैदानाकडेच लावलं होतं. किक गेली की नाही हे आमचे लोक कानांनी ओळखत. पलीकडे पाहुण्यांच्या स्टँडमध्ये आरडाओरडा झाला तर आपली चुकली. तिकडे शांत झालं तर गेली.

मागच्या वर्षी ओहायोहून एक बँडमास्तर आला होता. चांगला माणूस, ट्रंपेट शिकवायचा. एका किकला तो नवखेपणात बघतच उभा राहिला आणि किक चुकली. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. फक्त चर्चच्या जेवणात तो ज्या टेबलावर बसला त्या टेबलावर दुसरं कुणी बसलं नाही. ईस्टरनंतर तो ओहायोला परत गेला. आमचे लोक फार सभ्य आहेत.

या दोन वर्षांत किक मारणारा पोरगा होता नेस्तोर बाका. सतरा वर्षांचा, बारीक, बोलायला कमी. बाप प्रुइटच्या जिनवर कापसाच्या गाठी बांधायचा, आई शाळेच्या कँटीनमध्ये. सरावात नेस्तोर दहातल्या नऊ किका डोळे मिटून घाली. सामन्यात मात्र त्याचं काही खरं नसे. त्यामुळे संघ तीस गुणांनी पुढे असला, किंवा तीस गुणांनी मागे, तरच वेल्डन त्याला किकला पाठवी. तिथे चुकला तरी कुणाच्या बापाचं काही जात नसे. आणि त्याच्याशी किकबद्दल बोलायचं नाही, असा वेल्डनचाच हुकूम होता. किक मारणाऱ्याचं डोकं रिकामं हवं, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षं गावात नेस्तोरशी कुणी हवामानापलीकडे बोललं नव्हतं.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात गुरुवारी वेल्डन आणि त्याची बायको नेल्डा जेवायला बसले होते. पिंटो घेवड्याची उसळ, मक्याचा कॉर्नब्रेड, वर कापलेला कांदा. नेल्डा शाळेत गणित शिकवे आणि सामन्यांची आकडेवारी तीच ठेवी.

"एक सांगू?" ती म्हणाली. "नेस्तोरच्या किका मी वेगळ्या काढल्या. आपल्या मैदानावर अकरातल्या तीन गेल्या. बाहेरगावी नवातल्या सात."

"बरं मग?"

"बाहेरगावी आपली चाळीस माणसं येतात. इथे तीनशे. जेवढ्या पाठी जास्त, तेवढा तो चुकतो."

"वारा असतो इथे."

"वारा पन्नास मैलांत सगळीकडे तोच असतो, वेल्डन."

"मग तुझं काय म्हणणं, गावाला सांगू तोंडं फिरवा म्हणून? हॉलिस मला जिनमध्ये घालून माझी गाठ बांधेल."

"गावाचं सोड. तू बघून बघ एकदा."

वेल्डनने कॉर्नब्रेडचा तुकडा उसळीत बुडवला आणि तो विषय तिथेच बुडाला. आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता असं नाही. पण आकडे कागदावर असतात आणि खड्डा पोटात.

सामना बकहॉर्नशी होता. एरवी आमचे सामने शुक्रवारी संध्याकाळी, पण त्या शुक्रवारी पंचच मिळाले नाहीत. त्यामुळे शनिवारी दुपारी दोनला ठरला. जिंकला तर ड्राय फोर्क पुढच्या फेरीत, तीन वर्षांत पहिल्यांदा. हरला तर मोसम संपला. आणि वेल्डनचं आणखी काय संपणार ते हॉलिस प्रुइटने त्याला फाटकापाशीच सांगितलं.

"वेल्डन, तुझ्याबद्दल माझ्या मनात किती आदर आहे तुला माहीतच आहे."

हे वाक्य ऐकलं की समजायचं, सुरी बाहेर आली.

"सोमवारी बोर्ड बसतंय," हॉलिस म्हणाला. "आज जिंकलास तर तीन वर्षांचा करार मीच मांडतो. नाहीतर, बाबा, इतिहास तू छान शिकवतोस. बस पण छान चालवतोस. शिट्टी दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

"इतिहास मी छान शिकवत नाही, हॉलिस."

"तेही मला माहीत आहे," हॉलिस म्हणाला आणि नाचोज घ्यायला गेला.

 वेल्डनला खरंच वाईट वाटलं. छप्पन वर्षांचं वय, शेत नाही, मूल नाही. गळ्यातली शिट्टी काढली तर खाली उरतो तो टेक्ससच्या इतिहासातल्या अलामोच्या लढाईचं साल विसरणारा मास्तर. शिट्टी होती म्हणून कॅफेत त्याची खुर्ची ठरलेली होती. शिट्टी गेली की बँडमास्तरच्या टेबलावर जायचं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

सामना जबरदस्त झाला. दोन्हीकडून सात-सात टचडाऊन. वेल्डनने प्रत्येक वेळी जादा प्रयत्नाला पोरांना घुसायला लावलं आणि सातातले तीन गुण पदरात पाडले. बकहॉर्नच्या कोचने प्रत्येक वेळी किक मारली, सातातल्या पाच गेल्या, म्हणजे दहा गुण. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा फलकावर बकहॉर्न बावन्न, ड्राय फोर्क पंचेचाळीस. टचडाऊन सारखेच. फरक होता तो फक्त किकचा. ज्याला बेरीज येते त्याला हे दिसत होतं, आणि मैदानाच्या कडेला आकडे टिपत टेबलापाशी बसलेली नेल्डा वेल्डनकडे एकटक बघत होती. वेल्डन तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

घड्याळातले शेवटचे चार सेकंद संपता संपता डाल्टन पिट्स नावाच्या दांडग्या पोराने तिघांना अंगावर घेऊन रेषा ओलांडली. एक्कावन्न बावन्न. वेळ संपली, पण जादा प्रयत्न शिल्लक. घुसलं तर बरोबरी आणि जादा वेळ. किक गेली तर विजय. किक चुकली तर खेळ खलास.

वेल्डनचा हात आपोआप वर गेला. पळा.

कोच शेवटच्या क्षणी जिंकायचा विचार करतो असं कुणाला वाटत असेल तर तो कधी कोच नव्हता. कोच विचार करतो तो सोमवारी सकाळच्या कॅफेचा. कुठली हार समजावून सांगता येईल? बरोबरी केली, जादा वेळ घेतला, पोरं दमली, काय करणार. ही हार कुणीही समजून घेईल. दोन कप कॉफीत मिटेल. किक चुकून आलेली हार जन्मभर समजावत बसावं लागतं. बकहॉर्नकडे पंधरा ताजी पोरं होती आणि त्याच्याकडे उभी राहू शकणारी सात. जादा वेळेत त्यांचा फडशा पडणार हे वेल्डनला दिसत होतं. पण तो उशिरा पडेल, आणि त्यात त्याचा हात दिसणार नाही.

तेवढ्यात डाल्टन मैदानावर आडवा झाला. पोटऱ्यांत गोळे. दोघांनी त्याला उचलून बेंचवर आणला, त्याच्या तोंडावर ओला टॉवेल टाकला. डाल्टन नाही तर घुसणार कोण? उरलेल्या पोरांत सगळ्यात जड होता तो एकशे तीस पौंडांचा, आणि तोही बूट घालून.

आता सातातला एक गेला, सहा राहिले, आणि सहावा म्हणजे नेस्तोर.

"नेस्तोर," वेल्डन म्हणाला. "किक."

मागून स्टँडमधून एक लांब हुंकार आला. शेवटचा मर्द किक मारतोय. दुसरा रस्ता बंद झाला की माणूस शूर होतो, त्यातलाच हा प्रकार. पण लोकांना ते कसं कळणार? माइकवरचा माणूस म्हणाला, "मंडळी, पाठ." तीनशे माणसं वळली. खिडकीची फळी खाली आली. नेल्डाही उठून वळली, कारण गणित काहीही असो, ती कोचची बायको होती. वेल्डन वळला.

आणि बकहॉर्नच्या कोचने टाइमआउट घेतला.

हा जुना डाव. किक मारणाऱ्याला आणखी एक मिनिट ताटकळत ठेवायचं, म्हणजे त्याचे पाय गार पडतात. "मंडळी, टाइमआउट आहे," माइकवरून आवाज आला. "आता वळलात तरी चालेल." लोक परत वळले. व्हीलचेअरी फिरल्या. नेस्तोर चालत बेंचपाशी आला आणि वेल्डनसमोर येऊन उभा राहिला. एक मिनिट. हुकूम असा होता की बोलायचं नाही. पण माणूस समोर उभा आहे, आणि तीन वर्षांचा करार त्याच्या उजव्या पायात आहे.

"पाणी घे," वेल्डन म्हणाला.

"नको, कोच."

"वारा नाहीये फारसा."

"हो, कोच."

हवामान संपलं. अजून चाळीस सेकंद होते. वेल्डनला नेल्डाचे आकडे आठवले. अकरातल्या तीन. नवातल्या सात.

"काय होतं रे तुला?" तो शेवटी म्हणाला. "सरावात घालतोस ना तू? इथे काय होतं?"

दोन वर्षांत हा प्रश्न नेस्तोरला कुणी विचारला नव्हता. 

"खरं सांगू?"

"सांग ना बाबा, लवकर सांग."

"मी पाय उचलतो आणि सगळे पाठ करतात. तुम्ही पण. मला वाटतं मी काहीतरी घाण करतोय. उघड्यावर बसल्यासारखं वाटतं, कोच."

वेल्डनला हसू आलं नाही.

"माझी आई पण वळते," नेस्तोर म्हणाला. "पहिल्या वर्षी नव्हती वळत. मग प्रुइट साहेब बाबांना जिनवर काहीतरी बोलले. आता सगळ्यात आधी तीच वळते."

पंचाने शिट्टी फुंकली. नेस्तोर निघाला. वेल्डनने त्याचा दंड धरला.

"मी बघतो."

"काय?"

"मी वळत नाही. जा तू. मी बघतोय तुझ्याकडे."

नेस्तोरने त्याच्याकडे असं पाहिलं की वेल्डनला आपण काय कबूल करून बसलो याची धास्ती वाटली. मग पोरगा पळत गेला.

"मंडळी, पाठ."

पुन्हा तीनशे माणसं वळली. नेल्डा वळली. बेंचवर डाल्टन टॉवेलखाली कण्हत होता. वेल्डन तेवढा मैदानाकडे तोंड करून उभा होता, आणि पोटातला खड्डा असा होता की त्यात बस मावली असती. चार वर्षांत त्याने सामन्यात आपल्या संघाची एकही किक पाहिली नव्हती. सामन्यात किकच्या आधी पोरं काय करतात हेसुद्धा तो विसरला होता. नेस्तोर मोजून तीन पावलं मागे गेला, दोन बाजूला. एकदा कडेला पाहिलं. वेल्डन तिथे होता. वेल्डनने टोपी काढली, का ते त्याचं त्यालाच कळलं नाही, आणि परत घातली.

बॉल मागे आला. धरणाऱ्याने टेकवला आणि बकहॉर्नचा एक राक्षस त्याच्या अंगावर कोसळला. आमची बाकीची पोरंही धक्काबुक्कीत खाली गेली. तोवर नेस्तोरचा पाय लागला होता. आवाज चांगला आला. बॉल वर चढला, सावकाश फिरत, आणि उजवीकडे वळायला लागला. वेल्डनला वाटलं आता मान फिरवावी. फिरवली नाही. बॉल उजव्या खांबाच्या आतल्या अंगाला खाडकन आपटला, आडव्या दांड्यावर पडला, एकदा उडाला आणि पलीकडे गेला.

इतकी सुंदर गोष्ट आपण चार वर्षं चुकवत होतो, असं वेल्डनच्या मनात आलं. डोळे भरून आले. पंचांचे दोन्ही हात वर गेले आणि पाहुण्यांचा स्टँड एकदम गप्प झाला. त्या शांततेनेच आमच्या लोकांना कळलं. मग काय झालं ते सांगायला नको. खिडकीची फळी वर करायच्या आधीच कुणीतरी त्यातून बाहेर आलं. नेस्तोर मैदानाच्या मधोमध एकटा उभा होता आणि फक्त वेल्डनकडे बघून हसत होता. वेल्डनही हसला. दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट आता जगात होती.

ती पाच मिनिटं टिकली.

हॉलिस प्रुइट गर्दीतून आला तो लाल चेहऱ्याने. त्याचा एक चुलतभाऊ बकहॉर्नमध्ये राहतो, आणि हरलेल्या माणसाला दुसऱ्याचा आनंद नासवायला जे सुचतं ते त्याला सुचलं होतं.

"वेल्डन," हॉलिस म्हणाला, "बॉल खांबाला लागला."

"लागला का?" वेल्डन म्हणाला. हे दोन शब्द तोंडातून गेले तेव्हाच खरं तर सगळं झालं होतं. बाकीचा नुसता हिशोब उरला.

"लागला. का लागला? आपल्यातला कुणीतरी बघत होता. भाऊ सांगतोय, तुमच्या बेंचपाशी एक टोपीवाला सरळ मैदानाकडे तोंड करून उभा होता म्हणे. एक बोटभर बाहेर गेला असता तर गेलो होतो आपण. कोण होता तो?"

भोवती पन्नास-साठ माणसं जमली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी होती. कुणीतरी म्हणालं, "असला माणूस गावात ठेवू नये." दुसरा म्हणाला, "सापडू दे तर खरा." हसतच म्हणाले, सण होता ना. बँडमास्तरच्या वेळीही हसतच होते.

आता वेल्डनला सांगता आलं असतं. मी होतो. मी पाहिलं, म्हणून पोराने घातली, आणि हे घ्या नेल्डाचे आकडे. जिंकलेल्या कोचला त्या दुपारी कुणी हात लावला नसता, कदाचित. पण कदाचित या शब्दावर बावीस वर्षं टांगायची म्हणजे पुन्हा हवेतला बॉल झाला.

"मला कसं दिसणार, हॉलिस?" वेल्डन म्हणाला. "माझी पाठ होती."

हे इतकं तर्काला धरून होतं की हॉलिसने मान डोलावली. "तेही खरं," तो म्हणाला, आणि मग त्याची नजर नेस्तोरवर गेली. पोरगा हेल्मेट हातात घेऊन तिथेच येऊन उभा राहिला होता. कधीपासून, कोण जाणे.

"तुझं तोंड इकडे होतं की रे," हॉलिस म्हणाला. "तू सांग. कोण बघत होतं?"

नेस्तोरने वेल्डनकडे पाहिलं. तो थांबला. वेल्डनला बोलायला त्याने चांगला ऐसपैस वेळ दिला, टाइमआउटपेक्षा जास्त. वेल्डन शिट्टीची दोरी सरळ करत होता.

"कुणी नाही, साहेब," नेस्तोर म्हणाला. "सगळ्यांच्या पाठी होत्या."

"कोचची?"

"त्यांची पण. नेहमीसारखी."

"मग माझा भाऊ खोटारडा," हॉलिस खूश होऊन म्हणाला. "तो लहानपणापासूनच तसा." त्याने वेल्डनच्या पाठीवर अशी थाप मारली की टोपी पुढे आली. "सोमवारी ये. तीन वर्षं. आणि पुढच्या सामन्याला मी फाटकावर पाटीच लावतो, बघणाऱ्याला प्रवेश नाही म्हणून."

लोक हसले. टेबलापाशी नेल्डा कागद गोळा करत होती. तिने विजयाचा आकडा लिहिला होता, नेस्तोरच्या नावापुढे बारातल्या चार. तिने वेल्डनकडे एकदा प्रश्न केल्यासारखं पाहिलं आणि उत्तर मिळाल्यासारखी पुन्हा कागदांकडे वळली.

गर्दी जरा पांगल्यावर नेस्तोरची आई आली. लहानखुरी बाई, कँटीनचा एप्रन अजून अंगावर, कारण दुपारभर चिली तीच वाढत होती. रडून डोळे सुजले होते. तिने मुलाच्या गालाचा मुका घेतला, मग वेल्डनसमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"कोच, उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. "माझ्या लेकाला संधी दिलीत."

"त्याचीच मेहनत हो, बाई."

"मला एक सांगा ना. मी तर वळले होते. फक्त शांत झालेलं ऐकलं." ती लाजून हसली. "कसा गेला बॉल? खांबाला लागला म्हणतात, मग उडाला की काय? या पोराला विचारलं तर काही सांगत नाही. म्हणतो, मला नाही दिसला. तुम्ही जवळ होता, काही तरी दिसलं असेल. घरी त्याच्या बाबांना काय सांगू मी?"

बॉल कसा चढला, कसा उजवीकडे कलला, दांड्यावर कसा क्षणभर बसल्यासारखा झाला, हे सगळं वेल्डनच्या डोळ्यांपुढे तसंच्या तसं होतं. आख्ख्या ड्राय फोर्कमध्ये ते दुसऱ्या कुणापाशी नव्हतं. चार पावलांवर हॉलिस प्रुइट कुणाशी तरी बोलत उभा होता, इकडे कान देऊन किंवा न देता.

"मलाही नाही दिसला, बाई," वेल्डन म्हणाला. "माझीही पाठ होती ना."

ती हसत म्हणाली, "असू दे, असू दे. गेला हेच महत्त्वाचं." आणि तिने त्याचा हात आणखी एकदा दाबला.

नेस्तोरने हेल्मेट वेल्डनशेजारच्या बेंचवर ठेवलं आणि आईच्या खांद्यावर हात टाकला. "चल, आई," तो म्हणाला. "बाबा वाट बघत असतील."